वाचा-भाषा उपचारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : विदर्भातल्या खेड्यातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने निवड आणि तयारी कशी करावी

रोजच्या बोलण्यात ज्याला आपण स्पीच थेरपी म्हणतो, त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवल्यावर बहुतेक विद्यार्थी आधी संस्थांची नावे गोळा करतात आणि मग त्यांची क्रमवारी लावत बसतात. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात रोज कोण येते, येणारा माणूस कोणती भाषा बोलतो आणि विद्यार्थ्याला त्याच्यासमोर स्वतः बसून उपचार करायला किती मिळते, हे आधी पाहावे आणि नावाचा विचार त्यानंतर करावा. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून जाऊन पुन्हा आपल्याच भागात काम करायचा ज्याचा विचार आहे, त्याला हा क्रम पाळल्यावाचून चांगली निवड करताच येणार नाही, असे मला वाटते.

आधी मार्ग नीट समजून घ्यावा

भारतात या विषयाची वाट बारावीनंतरच सुरू होते. बीएएसएलपी ही श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार या विषयांची चार वर्षांची पदवी आहे. त्यातली तीन वर्षे अभ्यासाची आणि शेवटचे एक वर्ष इंटर्नशिपचे असते. त्यानंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम येतो. पूर्वी श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार हे दोन्ही विषय एकाच एमएएसएलपी या पदवीत शिकवले जात. आता वाचा-भाषा उपचाराची एमएस्सी वेगळी आणि श्रवणशास्त्राची वेगळी अशी रचना रूढ झाली आहे, त्यामुळे अर्ज भरतानाच कोणत्या अंगाने जायचे ते ठरवावे लागते. मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा विशेष शिक्षण या विषयांत पदवी घेतलेले काही जण थेट या एमएस्सीची चौकशी करतात. त्यांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की आपल्याकडे बीएएसएलपीशिवाय हा दरवाजा उघडत नाही.

अकरावीत विषय निवडणाऱ्या मुलांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या प्रवेशांत बीएएसएलपीसाठी नीटचे गुण धरले गेले आहेत आणि नीट म्हटले की जीवशास्त्र आलेच. काही राष्ट्रीय संस्था भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित, दोन्हींपैकी काहीही चालवतात. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात दोन्ही विषय घेता येत असतील तर दोन्ही घ्यावेत, म्हणजे कोणतीच वाट बंद होत नाही.

मान्यतेच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. भारतीय पुनर्वसन परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणून ओळखतात, तिने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच पदवी घेतली पाहिजे आणि त्यानंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवले पाहिजे. 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्यानुसार नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, हे खरे आहे, परंतु नोंदणी नसलेल्याला सरकारी पदासाठी अर्जसुद्धा करता येत नाही, ही खरी शिक्षा आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव आहे का, एवढ्यावर न थांबता, नेमका तोच अभ्यासक्रम आणि तेच शैक्षणिक वर्ष मान्यतेत धरलेले आहे का, हे स्वतः पाहावे. ‘मान्यतेचे काम चालू आहे’ असे उत्तर देणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नयेत. सहा महिन्यांत स्पीच थेरपिस्ट करून देण्याच्या जाहिराती जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसू लागल्या आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राने नोंदणी होत नाही. एक वर्षाची डीएचएलएस ही श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांची पदविका खरी आणि उपयोगी आहे, पण ती सहायकाच्या पातळीची आहे आणि तिच्यावरून थेट एमएस्सीला जाता येत नाही.

एमएस्सी आत्ताच हवी का?

हा प्रश्न विचारायला विद्यार्थी संकोचतात, कारण घरच्यांना ‘पुढचे शिक्षण थांबले’ असे वाटते. वस्तुस्थिती अशी आहे, की बीएएसएलपी आणि आरसीआयची नोंदणी झाली की रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मिळतो. जिल्हा रुग्णालयांतल्या, मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे डीईआयसीत, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून भरली जाणारी श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञांची पदे असतात. ती कंत्राटी असतात, त्यामुळे स्थैर्याचा भ्रम ठेवू नये. तरीही तेथील एक-दोन वर्षांचा अनुभव एमएस्सीच्या वर्गात फार उपयोगी पडतो. ज्याने गावागावांतून आलेली उशिरा बोलणारी मुले पाहिली आहेत, त्याला मुलांच्या भाषेवरचे व्याख्यान वेगळे ऐकू येते. उलट ज्याला अध्यापनाकडे जायचे आहे, वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरवणे) किंवा गिळण्याचे विकार यांसारख्या एखाद्या शाखेत खोल काम करायचे आहे किंवा परदेशी जायचे आहे, त्याने विलंब न करता पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. घरची आर्थिक ओढाताण असेल तर आधी नोकरी आणि मग एमएस्सी, या क्रमात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

संस्थेत काय पाहावे

विदर्भात या क्षेत्रातल्या माणसासमोर कोणते रुग्ण येतात, याचा विचार आधी करावा. खर्रा हा त्यातला पहिला विषय आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या या घोटलेल्या मिश्रणाने आपल्या भागात तरुण वयातच तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढावा लागतो. कोणाचे स्वरयंत्रही जाते. शस्त्रक्रियेनंतर त्या माणसाला पुन्हा गिळायला आणि समजेल असे बोलायला शिकवणे, स्वरयंत्र गेलेल्याला अन्ननलिकेतून आवाज काढण्याची पद्धत, कृत्रिम स्वरयंत्र किंवा झडप बसवून बोलण्याचा मार्ग दाखवणे, हे सगळे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे काम आहे आणि हे येणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. दुसरा विषय पक्षाघाताचा. त्यानंतर भाषा हरवलेला पन्नाशीचा शेतकरी घरी नुसता बसून राहतो, कारण त्यावर उपचार असतो हेच घरच्यांना माहीत नसते. सिकलसेलचे प्रमाण विदर्भात मोठे आहे आणि हा आजार असलेल्या मुलांना पक्षाघाताचा व श्रवणदोषाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यांच्या जोडीला जन्मतः ऐकू न येणारी मुले, दुभंगलेल्या टाळूची मुले, स्वमग्न मुले, मेंदूच्या पक्षाघाताची (सेरेब्रल पाल्सी) मुले आणि अडखळत बोलणारी, वर्गात हात वर न करणारी मुले आहेतच.

आता संस्थेच्या चौकशीत विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. कर्करोग रुग्णालयात किंवा मेंदूविकार विभागात विद्यार्थ्यांची नेमणूक होते का, आणि होत असेल तर किती आठवडे? गिळण्याच्या तपासणीची यंत्रणा आहे का, आणि विद्यार्थी ती हाताळतात की काचेमागून बघतात? एका शिक्षकाच्या देखरेखीखाली एका वेळी किती विद्यार्थी रुग्ण पाहतात? उपचारानंतर शिक्षक प्रत्येक सत्राच्या नोंदी तपासून लेखी अभिप्राय देतात का? ही उत्तरे माहितीपुस्तिकेत मिळत नाहीत. ती तेथे शिकत असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मिळतात, आणि त्याला फोन करण्यात संकोच करू नये. ‘दिवसाला किती रुग्ण बघता?’ याबरोबरच ‘त्यातले किती प्रौढ असतात?’ असेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग जवळजवळ सगळा लहान मुलांनी भरलेला असतो आणि विद्यार्थी पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याने वाचाघाताचे रुग्ण बोटावर मोजण्याइतकेच पाहिलेले असतात.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 साली स्थापन झाली. अध्यापक, ग्रंथालय, संशोधन आणि उपकरणे या सर्वच बाबतींत तिचे स्थान वरचे आहे, आणि शासकीय संस्था असल्याने शुल्कही आवाक्यातले आहे. तिच्या एमएस्सीला प्रवेश परीक्षेतून जावे लागते. देशभरातून रुग्ण येत असले तरी तेथील रोजची भाषा कन्नड आहे. कामापुरते कन्नड शिकण्याची तयारी ठेवूनच तेथे जावे आणि आपल्या भाषेतला सराव सुटीत भरून काढावा. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि नायर रुग्णालयाला जोडलेली शाळा ही देशातल्या या विषयाच्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक आहे. या दोन्हींचा मोठा गुण हा, की तेथे मराठी आणि हिंदी बोलणारे रुग्ण समोर बसतात, आणि नायरसारख्या मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घसा, मेंदूविकार व शस्त्रक्रिया विभाग एकाच आवारात असतात. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र शुल्कापेक्षा जास्त होऊ शकतो, हे हिशेबात धरावे. पुण्यात भारती विद्यापीठात हा विषय शिकवला जातो, परंतु खासगी शुल्काचा विचार तेथे आधी करावा लागेल. चंद्रपूर-बल्लारशा भागातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांनी अली यावर जंग संस्थेच्या सिकंदराबादच्या प्रादेशिक केंद्रातल्या बीएएसएलपीचाही विचार करावा. बल्लारशाहून तिकडे थेट रेल्वेमार्ग आहे आणि सिरोंच्याकडच्या मुलांना तेलुगू परकी नाही.

म्हैसूर की मुंबई असा प्रश्न पडला आणि दोन्हीकडे प्रवेश मिळत असेल, तर संशोधन व अध्यापनाचा विचार असणाऱ्याने म्हैसूर घ्यावे आणि जिल्ह्यात परत येऊन रुग्ण पाहणाऱ्याने मुंबई घ्यावी, असे मी सांगेन. याला अपवाद असतील, पण सल्ला मागितल्यावर गोलमाल उत्तर देणे बरे नव्हे.

तयारी : कान, इंग्रजी आणि परीक्षा

एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा बीएएसएलपीच्या संपूर्ण अभ्यासक्रमावर आधारलेल्या आणि बहुपर्यायी असतात. ध्वनिविज्ञान, भाषाशास्त्र, मज्जासंस्थेची रचना, श्रवणचाचण्या, आवाजाचे विकार, संख्याशास्त्र, सगळेच विचारले जाते. विद्यार्थी वाचा विकारांचे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतात आणि संख्याशास्त्र व ध्वनींचे भौतिकशास्त्र बाजूला ठेवतात. गुण तेथेच जातात. इंटर्नशिपच्या वर्षात रोज एक तास राखून ठेवला तर शेवटच्या महिन्यांची धावपळ वाचते. इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या प्रत्येक रुग्णाचे निदान त्याच संध्याकाळी पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाशी ताडून पाहणे, हा माझ्या मते सर्वांत चांगला अभ्यास आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची भीती वाटते. ती भीती बहुतेक वेळा व्याकरणाची नसते, तर परिभाषेची असते. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा एक वही करावी. तिच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि तिची व्याख्या लिहावी आणि उजव्या पानावर तीच गोष्ट एखाद्या रुग्णाच्या आईला वऱ्हाडीत कशी समजावून सांगाल, ते लिहावे. उजवे पान लिहिता आले नाही तर डावे पान समजलेले नाही, हे निश्चित. पुढे उपचार करताना हीच वही कामाला येते, कारण घरी सराव आईच करून घेणार असते आणि तिला संज्ञा सांगून काही उपयोग नसतो.

कानाच्या तयारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विदर्भातल्या विद्यार्थ्याची खरी जमेची बाजू येथे आहे आणि तीच त्याला ठाऊक नसते. वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, पूर्वेकडच्या झाडीबोलीत तोच ‘डोरा’ होतो, आणि ‘ण’च्या जागी ‘न’ तर सर्रास येतो. प्रमाण मराठीवर बेतलेली उच्चारचाचणी लावली तर अकोल्याच्या किंवा भंडाऱ्याच्या निरोगी मुलाच्या नावावर दोष लागू शकतो. बोलीतला फरक आणि उच्चारदोष यांतली सीमा ओळखणे हे या विषयाच्या कोणत्याही पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. आपल्या विद्यार्थ्याला ते घरात बसून शिकता येते. त्यासाठी आजीचे किंवा शेजारच्या चार वर्षांच्या मुलाचे पाच मिनिटांचे बोलणे, घरच्यांची परवानगी घेऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, म्हणजे प्रत्येक ध्वनीला वेगळे चिन्ह असलेल्या लिपीत, उतरवून काढावे. पहिल्या वेळी पाच मिनिटांच्या बोलण्याला दोन-तीन तास लागतील. वेग हळूहळू येतो. मेळघाटातल्या विद्यार्थ्याला कोरकू येत असेल, यवतमाळकडच्याला कोलामी किंवा गडचिरोलीतल्याला माडिया किंवा गोंडी येत असेल, तर त्याने ते अर्जात आणि मुलाखतीत ठळकपणे सांगावे. या भाषा बोलणाऱ्या मुलांचे मूल्यमापन त्यांच्या भाषेत करू शकेल असा माणूस मिळणे अवघड असते, आणि समजूतदार परीक्षक हे ओळखतात.

बीएएसएलपीच्या आधी किंवा दरम्यान निरीक्षणाची संधी शोधणाऱ्याने फार दूर जाण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीसाठी येतात आणि संशयित मुले जिल्ह्याच्या डीईआयसीकडे पाठवतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांना रीतसर अर्ज देऊन त्या केंद्रात काही दिवस बसण्याची परवानगी मागावी. जिल्ह्यातली कर्णबधिर विद्यालये आणि नागपूरचे दिव्यांगजनांसाठीचे समेकित प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, यांच्याकडेही अशी विनंती करता येते. निरीक्षणात रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही वहीत लिहू नये. वय, भाषा, तक्रार, काय केले आणि काय दिसले, एवढेच लिहावे.

कागदपत्रे आणि पैसा

गुणवत्ता असूनही प्रवेश हुकतो तो बहुधा येथे. राज्याच्या प्रक्रियेसाठी अधिवास प्रमाणपत्र, जातप्रमाणपत्र, जातवैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर लागते. परंतु केंद्रीय संस्थेत इतर मागासवर्गाच्या जागेसाठी राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालत नाही. तेथे केंद्र सरकारच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र मागतात, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हेही आधी पाहावे लागते. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नमुन्यातले’ असे स्पष्ट सांगावे, नाही तर सवयीने राज्याचेच हाती येते. तहसील कार्यालयातल्या चकरा पेरणीच्या दिवसांत नको असतील तर ही कामे उन्हाळ्यातच आटोपावीत. वैधतेचा अर्ज तर त्याहूनही खूप आधी करावा.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना उपयोगी पडू शकते. प्रत्येक योजनेला अभ्यासक्रम, ठिकाण आणि उत्पन्न यांच्या अटी असतात. राज्याबाहेर प्रवेश घेत असाल तर ती योजना तेथे लागू होते का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात प्रवेश नक्की करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. योजनेची रक्कम पुष्कळदा उशिरा खात्यात येते, म्हणून पहिल्या सत्राचे पैसे तिच्या भरवशावर ठेवू नयेत.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत या व्यवसायासाठी पदव्युत्तर पदवी हीच किमान पात्रता मानली जाते. तेथील व्यावसायिक संघटनेचे, म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन किंवा ‘आशा’चे, प्रमाणपत्र हवे असेल तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, 400 तासांचे पर्यवेक्षित काम (त्यांतले 25 तास निरीक्षणाचे), प्रॅक्सिस ही या व्यवसायाची परीक्षा आणि त्यानंतर किमान 36 आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचे काम, पूर्ण करावी लागते. ज्याला तेथेच स्थिरावायचे आहे त्याने हा हिशेब बीएएसएलपीच्या काळातच मांडावा आणि आपल्या कामाच्या तासांच्या नोंदी पर्यवेक्षकाच्या सहीसह पहिल्या दिवसापासून जपाव्यात. कर्ज काढून तिकडे जाऊन, पदवी घेऊन लगेच परतण्याचा विचार असेल तर तो आर्थिकदृष्ट्या जुळणे कठीण आहे.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच सत्रात प्रबंधाच्या विषयाची कुजबुज सुरू होते आणि बहुतेक विद्यार्थी मार्गदर्शकाच्या चालू कामातला एखादा तुकडा उचलतात. विदर्भातल्या विद्यार्थ्याने जाताना दोन-तीन विषय बरोबर न्यावेत. वऱ्हाडी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या उच्चारांची नोंद, खर्ऱ्यामुळे तोंड कमी उघडणाऱ्या प्रौढांच्या बोलण्याची सुबोधता, कोरकूभाषक मुलांच्या भाषाविकासाची पाहणी, असे विषय मार्गदर्शकापुढे मांडण्यापूर्वी त्यांवर आधी कोणी काम केले आहे का ते ग्रंथालयात शोधावे. मग गावात किती मुले उपलब्ध होतील, अंगणवाडी सेविका आणि सरपंच सहकार्य करतील का, नैतिक समितीसाठी संमतिपत्र कोणत्या भाषेत असेल आणि वाचता न येणाऱ्या पालकाची संमती कशी घेतली जाईल, हे एका पानावर लिहून न्यावे. बहुतेक मार्गदर्शक असे पान घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला वेळ देतात.